शरद हरतो, पण सांगत नाही

शारजाहून दुबईला येताना अल इत्तिहाद रोडवर अडकला असाल, तर आज ऐका एका मोकळ्या रस्त्याची गोष्ट. रात्रीची मुंबई, मोटरसायकलवर एक तरुण गवई आणि त्याच्या कानात माईंचा आवाज. साधना कशी करावी, हे माई सांगतायत.

'द डिसायपल' हा चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी चित्रपट. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. २००१च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर तिथल्या मुख्य स्पर्धेत गेलेला हा पहिला भारतीय चित्रपट. आणि गोष्ट काय? शरद नेरुळकरला मोठा गायक व्हायचंय, तो होत नाही. एवढीच!

परीक्षकांना काय भावलं ते त्यांना ठाऊक. मला विचाराल, तर या पटकथेनं काय काय गाळलं ते बघा. माई पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. फक्त आवाज, तोही दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. म्हणून तर त्या शरदला देवासारख्या वाटतात. मधली वर्षंही सरळ गाळली आहेत. चोविशीतला शरद एकदम पोट सुटलेला, शाळेत गाणं शिकवणारा दिसतो. काय झालं, कोणी सांगत नाही.

मग तो प्रसंग. एका विद्यार्थ्याला कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गायचंय, एवढी साधी परवानगी. शरद असा उखडतो की बघणाऱ्याला कळतं, हा राग त्या पोरावरचा नाहीच.

गाण्याच्या बैठका मध्ये जरा लांबतात, हे खरं. पण मंडळासाठी एकांकिका लिहिणाऱ्या मित्रांनो, आपलं पात्र नोकरी गेली की पाच मिनिटं रडून सगळं सांगतं. शरदच्या तोंडी असं भाषण नाही. भर मैफलीत तो थांबतो, माफी मागतो आणि उठून जातो. इथे नोकरी धरताना आपल्यातल्या किती जणांची पेटी गावाकडे माळ्यावर गेली! त्यांना हे उठून जाणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी शरद लोकलमध्ये बसलाय, सोबत बायको आणि लेक. डब्यातून एकतारीवर गात एक माणूस जातो. शरद नुसता ऐकतो.