पाण्याखालचा श्वास : जिज्ञासा आणि सावधगिरी

पांढुर्णा व सौंसर परिसरातील संत्राबागा विहिरींवर जगतात. विहिरीत पडलेला पंप काढण्यासाठी घरीच श्वसनयंत्र बनवावे, असे होतकरू तरुणास वाटणे स्वाभाविक आहे. उच्छ्वास क्षाराने शुद्ध करून पुन्हा श्वासास वापरण्याचे यंत्र हेन्री फ्ल्यूस यांनी १८७८ मध्ये सिद्ध केले. परंतु गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. क्षार तो शोषून घेतो; म्हणून प्राणवायू संपत आला तरी इशारा मिळत नाही आणि बुडी घेणारा अकस्मात बेशुद्ध होतो. उलट, सुमारे ६ मीटरखाली शुद्ध प्राणवायूनेही आकडी येऊ शकते. शिक्षकांनी चुन्याच्या निवळीत फुंकर घालून हे तत्त्व वर्गात अवश्य शिकवावे. जिज्ञासा जोपासावी, घरगुती यंत्र मात्र पाण्यात कदापि उतरवू नये.