नंबर आपल्याच वहीतून जातो

सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यातून आलेल्या माझ्या रिचार्ज-मोबाईल दुकानदार बंधू-भगिनींनो,

नको असलेल्या फोन-संदेशांच्या बंदोबस्ताचा आढावा घ्यावा, असं कार्यकारिणीनं सुचवलं आहे. दूरसंचार नियामक ट्रायनं 2007 साली 'डू नॉट कॉल'ची नोंदणी आणली. 2018 च्या नियमांनी जाहिरात पाठवणाऱ्यांची आणि त्यांच्या मजकुराची नोंदणी सक्तीची केली. फेब्रुवारी 2025 मध्ये तक्रार नोंदवण्याची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर आली. तक्रारीला 1909, फसवणुकीच्या संशयाला 'संचार साथी'वरचं 'चक्षू', पैसे गेलेच तर 1930. एवढा आढावा पुरे. कारण आज मला वेगळंच बोलायचं आहे, आणि ते बरीच वर्षं मनात साचलं आहे.

आपल्या बैठकांत एक वाद कायम चालतो. काही म्हणतात, कायदा दुबळा आहे. काही म्हणतात, गिऱ्हाईकच अडाणी, दिसेल त्या लिंकवर बोट ठेवतं. मी जीआयडीसीच्या रस्त्यावर गल्ल्यावर बसून जे पाहिलं, ते सांगतो.

धुळ्याकडचा एक कारागीर डाईंग मिलमध्ये रातपाळी करायचा. नवं सिम घेतलं, नंबर गावी आईला आणि इथे ठेकेदाराला दिला. रिचार्ज शेजारच्या गल्लीत केला, तिथे नंबर वहीत लिहिला गेला. मग दिवसा डोळा लागला की कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू. माझ्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, मना नंबर यास्ले कोनी दिधा?" जाहिरातीचे सगळे फोन बंद व्हावेत म्हणून मी त्याच्या फोनवरून 1909 ला 'START 0' पाठवलं. फोन थांबले नाहीत. ते साध्या दहा आकडी, म्हणजे जाहिरातीसाठी नोंदणी न केलेल्या नंबरांवरून येत होते. नोंदणी करणाऱ्याला नियम बांधतो, न करणाऱ्याला आधी शोधावं लागतं.

पुढे एक माणूस माझ्याच गल्ल्याशी उभा राहिला. "सेठ, जुन्या वह्या द्या, पानामागे पैसे देतो." मी त्याला वाट दाखवली. जाताना तो म्हणाला, "बाकीचे देतात."

मित्रांनो, माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला: नंबर आपल्याच वहीतून जातो. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली रिचार्जला स्वतः येत नाहीत, भावाला पाठवतात. वहीत लिहिलेला नंबर भलत्याच्या हाती जाईल, ही भीती. आणि आपण ट्रायला दोष देतो! 2023 चा डेटा संरक्षण कायदाही कागदी वहीला हात लावत नाही. वहीतले नंबर संगणकात चढले, तरच ते त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे गल्ल्यावरच्या वहीचा राखणदार दुकानदाराखेरीज दुसरा कोणी नाही.

म्हणून काही कामं सुचवतो. नंबर गिऱ्हाइकानं स्वतः टाकावा. वही ठेवूच नये. ठेवली तर महिन्याअखेर फाडावी. मराठी, गुजराती, हिंदी, ओडिया भाषांत तक्रारीची रीत सांगणारा फलक दुकानात लागावा. नंबर विकणार नाही, अशा शपथपत्राचाही विचार व्हावा. तपशील कार्यकारिणी ठरवेल.

कायदे आणखी होतील, व्हायलाच हवेत. पण ज्यानं विश्वासानं दहा आकडे सांगितले, त्याच्या नंबराचा सौदा करणारा दुकानदार माझ्या लेखी व्यावसायिक नाही. अशा माणसाला या संघटनेचं सभासदत्व देऊ नका, एवढीच माझी मागणी आहे.