समुपदेशन: संस्कृतीची जाण आणि संस्कृतीची ढाल

(कुटुंब सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

सल्ला केंद्रात येणारी स्त्री एकटी येत नाही. तिच्यासोबत सासू असते, भाऊ असतो, कधी भावकीतली दोन जाणती माणसे असतात. जे प्रत्यक्ष येत नाहीत, तेही तिच्या बोलण्यात हजर असतात. ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारले, तर ती ‘डोके जड होते, छातीत धडधडते’ एवढेच सांगते. पुस्तकी शिक्षण घेऊन आलेला समुपदेशक मग ‘हिला स्वतःच्या भावना ओळखता येत नाहीत’ अशी नोंद करून मोकळा होतो. वस्तुतः तिने पुष्कळ सांगितलेले असते. ऐकणाऱ्याला तिची भाषा उमगलेली नसते, इतकेच.

ही उणीव आपल्याकडेच आहे असे नाही. १९६०च्या दशकात साल्वादोर मिनुचिन हे मानसोपचारतज्ज्ञ न्यूयॉर्कजवळच्या एका मुलांच्या शाळेत काम करीत होते. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब घरांतली ही मुले. मध्यमवर्गीयांसाठी घडलेली, निवांत आत्मनिरीक्षणावर उभी असलेली उपचारपद्धती या घरांना लागू पडेना. तेव्हा मिनुचिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष कुटुंबांच्या माथी न मारता पद्धतच बदलली. त्यांनी सारे कुटुंब एकत्र बसवले आणि बोलण्याइतकेच कृतीला महत्त्व दिले. त्या अनुभवावरचा त्यांचा ग्रंथ १९६७ साली निघाला. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी पदवी नसलेल्या, वस्तीतल्याच माणसांना कुटुंब-समुपदेशनाचे शिक्षण दिले. वस्तीचे दुःख वस्तीतल्या माणसाला अधिक कळते, ही आपल्या चळवळीला नवी वाटावी अशी गोष्ट नव्हे.

आपल्या देशातही असा प्रयोग झाला आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले. ज्या काळी रुग्णाला कुटुंबापासून तोडणे हाच उपचार समजला जाई, त्या काळी त्यांनी कुटुंबालाच उपचारात भागीदार केले. आपल्याकडचे माणूस नात्यांच्या जाळ्यात जगते, हे ओळखूनच त्यांनी ही वाट काढली.

परंतु साथींनो, येथेच सावध राहिले पाहिजे. ‘आपली संस्कृती’ हा शब्द सल्ला केंद्राच्या टेबलावर दोन हेतूंनी येतो: माणूस समजून घेण्यासाठी आणि अन्याय झाकण्यासाठी. ‘आमच्यात असेच असते’, ‘बाईने थोडे सोसावे’, ‘संसार मोडू नये’ ही वाक्ये आपण रोज ऐकतो. कधी कधी ती आपल्याच तोंडून निघतात! तडजोड झाल्याची नोंद होते, आकडा वाढतो आणि ती स्त्री पुन्हा त्याच मारहाणीत परत जाते. हे समुपदेशन नव्हे; हा व्यवस्थेचा पहारा झाला. ज्या कुटुंबात सत्ता एकाच बाजूला आहे, तेथे दोन्ही बाजूंना सारखेच समजावणे म्हणजे बलवानाची बाजू घेणे होय.

या बाबतीत २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली २००६ साली झालेले नियम स्पष्ट आहेत. समुपदेशनाच्या वेळी हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला नाही, आणि हे त्याला आधीच सांगावयाचे आहे. परंपरा, राग, दारू यांतले कोणतेही कारण तेथे चालणार नाही. हा नियम आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ हवा.

शेवटची गोष्ट स्वतःविषयी. संस्कृती फक्त समोरच्याला असते आणि आपण मात्र तटस्थ, हा भ्रम आहे. समोरच्याचे आडनाव ऐकताच आपल्या मनात काय उमटते? आंतरजातीय विवाह केलेली मुलगी रडत आली, तर ‘तरी सांगत होतो’ हा उद्गार आपल्या ओठांपर्यंत येतो की नाही? हे प्रश्न आपण एकमेकांना बैठकीत विचारले पाहिजेत.

माणसाला त्याच्या भाषेत ऐकावे, त्याच्या नात्यांसकट समजून घ्यावे. पण निर्णयाचे माप मात्र समतेचेच असावे. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे, एवढे भान राखले तरी आपल्या दारी आलेली स्त्री रिकाम्या हाताने परतणार नाही.