प्रायश्चित्त : शब्द एक, अर्थ दोन
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रायश्चित्त म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे भटजी आणि पंचगव्य येतं. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य आले, पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाचं पाप! मग आपल्या बापजाद्यांच्या सावलीचं काय होत असेल, सांगायला नको. म्हणून या शब्दाचा आम्हाला पहिल्यापासून राग.

सूतगिरणीत आमच्या पाळीला मिरजेहून पॅसेंजरने येणारा एक ख्रिस्ती दोस्त होता. मराठी बायबलातही हाच शब्द आहे, असं तो म्हणाला. आम्ही हसलो. म्हटलं, "फाशी दुसऱ्याला आणि पाप माफ तुमचं, हा कुठला न्याय?" त्याला लागलं. पण जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्याने समजावलं. यहुदी लोक वर्षातून एक दिवस दोन बकरे आणत. एकाचा बळी, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजक सर्वांची पापे कबूल करी आणि तो रानात सोडला जाई. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, येशूचा क्रूस हा शेवटचा बळी. आता बकरा नको. माणसाने देवाला काही चुकते करायचे नाही, देवच माणसासाठी सोसतो.

म्हणजे शब्द तोच, पण पंचगव्याच्या बरोबर उलटा. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही हसलो होतो.

मग वाचलं. त्यांच्यातही एकमत नाही. अकराव्या शतकातला अन्सेल्म म्हणतो, देवाचं देणं माणसाला फिटण्यासारखं नव्हतं, ते ख्रिस्ताने फेडलं. त्याच्यानंतरचा आबेलार म्हणतो, क्रुसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं. हे दुसरं आम्हाला जवळचं वाटलं.

तरी पटलं नाही. बाबासाहेबांनी सांगितलंय, तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. खुनी अंगुलिमाल भिक्खू झाला, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी दगड मारले, डोकं फुटलं. तथागतांनी त्याला ते सोसायला सांगितलं. त्याच्या वाटचं दुसऱ्या कुणी घेतलं नाही.

हे दोस्ताला सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "दगड त्याने सोसले, बरोबर. पण ज्यांची माणसं मेली त्यांना काय मिळालं?"

आम्ही म्हणालो, "गड्या, हा प्रश्न तुमच्या क्रुसालाही आहे."

"आहे," तो म्हणाला. तेवढ्यात भोंगा झाला, आणि दोघं आपापल्या साच्यावर गेलो.