आकडा नको, आकड्याची चाल बघा

मी दिंडोरीतून बोलतोय. आजची गोष्ट एका डेस्कटॉपची. कधी तासन्‌तास गप चालायचा, तर कधी एकदम 95 अंश दाखवून बंद पडायचा.

मशीन आमच्या ताईचं. ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. पीकविमा, स्कॉलरशिप, सगळं. फॉर्मची शेवटची तारीख, समोर माणसं उभी आणि सबमिट दाबायच्या आत स्क्रीन काळी! दुरुस्तीवाला म्हणाला, "सेन्सर गेलाय, मदरबोर्ड बदला." खर्च ऐकून ताई गप्पच झाली. मी म्हटलं, "ताई, मला दोन दिवस दे."

मी लगेच पेचकस उचलला नाही. एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि ताई काम करत असताना तापमानाचा आलेख बघत बसलो.

आता नीट ऐका. आपण आकडा किती ते बघतो. खरं बघायचं असतं, तो चढतो कसा.

एक. धूळ साचली असेल किंवा खोली तापली असेल, तर आकडा सावकाश चढतो, सावकाशच उतरतो. कारण वरचा हीटसिंक जड असतो, त्याला तापायला काही मिनिटं लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हेच जास्त.

दोन. एखादं ॲप उघडताना दोन सेकंद आकडा वर गेला आणि खाली आला, तर काळजी नको. प्रोसेसर क्षणभर वेग वाढवतो, एवढंच.

तीन. काम वाढलं की एका सेकंदात 45 वरून 90, आणि काम थांबलं की लगेच खाली. म्हणजे उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. इवलीशी चिप एकटीच तापते, एकटीच निवते.

ताईचा आलेख हा तिसरा! साधं टायपिंग चालू असताना सगळं ठीक, ढीगभर कागद स्कॅन करून पीडीएफ बनवायला घेतली की उडी. झाकण काढून, पंख्याला न लागता, हीटसिंकच्या कडेला बोट लावलं. स्क्रीनवर 92 आणि हीटसिंक नुसता कोमट!

मग सेन्सर खोटा असेल का? तसं असतं तर आकडा कामाशी मेळ न ठेवता भरकटला असता. आणि हा सेन्सर असतो प्रोसेसरच्याच आत. मदरबोर्ड बदलून तो कसा बदलणार?

प्लग काढला, मशीन निवू दिलं, टॉर्च मारला. हीटसिंकच्या चार पिनांपैकी एक वर उचललेली. तेव्हा आठवलं, महिन्यापूर्वी हाच सीपीयू मी नाशिकहून मोटरसायकलवर आणला होता, खड्ड्याखड्ड्यातून. म्हणजे चूक माझीच!

जुनी पेस्ट पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. पिना तिरप्या जोडीने दाबल्या, चारही वेळा "टक" आवाज येईपर्यंत. आता स्कॅनिंग चालू असताना आकडा साठीच्या पुढे जात नाही.

परवा पुन्हा शेवटची तारीख होती. रात्री ताईचा फोन आला, "सगळे फॉर्म गेले रे." मोटरसायकलचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा भाग ऐकला तर कळेलच.

चला, भेटू पुढच्या भागात!