हातोडा पडल्यानंतर



संमेलनाच्या अध्यक्षाने भाषणात सगळ्याच विषयांना स्पर्श करावा अशी प्रथा आहे. ती आज मी बाजूला ठेवतो. मला अमेरिकेतील नावाहो या आदिवासी जमातीच्या एका चित्रकाराबद्दल आणि लिलावात विकल्या जाणाऱ्या त्याच्या चित्रांबद्दल बोलायचे आहे. कलाकृती दुसऱ्यांदा विकली जाते तेव्हा ती घडवणाऱ्याला काय मिळते, हा आपल्या सर्वांचा प्रश्न आहे. या चित्रकाराच्या उदाहरणात तो अगदी उघडा दिसतो.

हॅरिसन बेगे हे त्याचे नाव. जन्म अ‍ॅरिझोनातल्या व्हाइट कोनचा. लहानपणी सरकारी वसतिगृहाच्या शाळेत धाडले, तिथून तो पळून घरी आला. मेंढ्या राखल्या, हाती लागेल ते वाचत राहिला. १९३४ मध्ये तो न्यू मेक्सिकोतील सांता फे इंडियन स्कूलमध्ये दाखल झाला. तिथे डोरोथी डन या शिक्षिकेने १९३२ मध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू केला होता. त्या काळी अशा शाळांत मुलांच्या तोंडून त्यांची भाषा आणि अंगावरून त्यांचा पोशाख काढून घेतला जात असे. डनबाईंनी मात्र मुलांना सांगितले की तुमच्या घरचे, तुमच्या लोकांचे चित्र काढा. त्यातून एक शैली घडली. रंग सपाट, सावली नाही, कडा स्वच्छ. मागे ना आकाश, ना क्षितिज.

या शैलीने आदिवासी चित्रकारांना एका साच्यात अडकवले, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि त्यात तथ्य आहे. बाहेरच्या माणसाने ‘अस्सल’ ठरवून दिले की कलावंताची वाट अरुंद होते. पण बेगेची चित्रे पाहताना मला साचा आठवत नाही. घोडेस्वार, मागासमोर बसलेली बाई, हरिणी आणि तिचे पाडस, दोन-तीन झुडपे, टेकडीची एक वळणदार रेघ. बाकी कागद कोरा. त्या कोऱ्या जागेत मला त्या प्रदेशाची सगळी मोकळीक दिसते. मेंढ्यांमागे वर्षे काढलेल्या माणसालाच प्राण्याची मान इतकी बिनचूक काढता येते, असे माझे ठाम मत आहे.

बेगे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. नंतर त्याने सांता फे इथे सहकाऱ्यांसोबत टेवा एन्टरप्रायझेस हा छपाईचा उद्योग काढला. आपली चित्रे सिल्कस्क्रीन छपाईने साध्या गिऱ्हाइकाला परवडतील अशा किमतीत विकायची, हा त्याचा हेतू. फ्रेंच सरकारने १९५४ मध्ये त्याचा सन्मान केला. नव्वदी ओलांडून २०१२ मध्ये तो गेला.

त्याची चित्रे आजही अमेरिकेतील लिलावांत येतात. सूचीत नाव, माध्यम, आकार, सही, चित्र आधी कोणाकडे होते आणि अंदाजी किंमत, एवढे दिलेले असते. बोली लागते, हातोडा पडतो. हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराकडून अधिभार घेतला जातो, विकणाऱ्याकडून बहुधा दलाली घेतली जाते. लिलावगृहाला पैसे मिळतात, चित्राच्या मालकाला मिळतात, चौकट करणाऱ्याला आणि विमा कंपनीलाही मिळतात. चित्रकाराला किंवा त्याच्या मुलाबाळांना अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे काहीही मिळत नाही. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये पुनर्विक्रीवर पाच टक्के देण्याचा कायदा केला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने तो जवळजवळ निष्प्रभ केला.

सही असलेल्या चित्राची ही गत, तर सही नसलेल्या वस्तूचे काय? २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात एकोणिसाव्या शतकातील एक नावाहो कांबळे अधिभारासह १८ लाख डॉलरला गेले. ‘चीफ ब्लँकेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातले ते सुरुवातीच्या काळातले कांबळे. रुंद पट्टे, मोजके रंग, पाणी झिरपणार नाही इतकी घट्ट वीण. नावाहो बायका अशी कांबळी विणत आणि दुसऱ्या जमातींचे मानकरी ती मोठ्या मोलाने घेत. वारशाने मिळालेले ते कांबळे विकून मालकाचे दैन्य फिटले, याचा आनंदच आहे. पण जिने महिनोन्‌महिने मागावर बसून ते विणले, तिचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवलेले नाही.

आणि काही गोष्टी तर लिलावात यायलाच नकोत. डिसेंबर २०१४ मध्ये पॅरिसच्या लिलावात नावाहोंचे विधींचे सात मुखवटे विक्रीला निघाले. विनवण्या करूनही लिलाव थांबला नाही, तेव्हा नावाहो राष्ट्राचे प्रतिनिधी स्वतः तिथे गेले आणि नऊ हजार डॉलरहून अधिक मोजून त्यांनी ते परत घेतले. आपलीच दैवते पैसे मोजून घरी न्यावी लागली. हा व्यवहार कायदेशीर होता. मी त्याला न्याय्य म्हणणार नाही.

बाजाराला तोंड कसे द्यावे, हे आर. सी. गॉर्मन या दुसऱ्या नावाहो चित्रकाराने दाखवले. जमातीच्या मंडळाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो मेक्सिकोत शिकला, आणि १९६८ मध्ये ताओस इथे त्याने स्वतःची नावाहो गॅलरी उघडली. शालीत गुंडाळून बसलेल्या त्याच्या भरदार बायका शिळाछापाच्या क्रमांकित प्रतींतून घरोघरी गेल्या. आपली किंमत त्याने आपणच ठरवली. पण सगळ्यांना दुकान मांडता येत नाही. म्हणून कायदा हवा. ऑस्ट्रेलियात क्लिफर्ड पॉसम या आदिवासी चित्रकाराचे ‘वार्लुगुलाँग’ १९७७ मध्ये १,२०० डॉलरला विकले गेले होते. ते २००७ मध्ये तिथल्याच चलनात २४ लाखांना गेले. चित्रकार २००२ मध्येच वारला होता. त्या लिलावानंतर दोन वर्षांनी तिथे पुनर्विक्रीवर पाच टक्के देणारा कायदा झाला, २०१० पासून तो लागू आहे.

आता आपल्याकडे येतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. चित्र, शिल्प, रेखाटन, तसेच साहित्य, नाटक किंवा संगीतकृतीचे मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर मूळ हक्कधारक असलेल्या कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा आहे. तो जास्तीत जास्त दहा टक्के. म्हणजे चित्रकारांइतकाच हा येथे बसलेल्या कवी, कादंबरीकार आणि नाटककारांचाही हक्क आहे. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना गेले, त्यांच्या मृत्यूनंतर १२ वर्षांनी. असे आकडे वर्तमानपत्रांत ठळक छापले जातात. त्या बातम्यांत कलम ५३-अ चा उल्लेख मला क्वचितच दिसतो.

म्हणून या व्यासपीठावरून माझे मागणे आहे. प्रत्येक लिलावगृहाने पुनर्विक्रीचा हिशेब कर्त्याला किंवा वारसांना स्वतःहून कळवावा, असा नियम सरकारने करावा. कलावंतांनी प्रत्येक विक्रीची तारीख, किंमत आणि घेणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. लेखकांनी आपली हस्तलिखिते कोणाकडे, कशी गेली याची नोंद घरच्यांना द्यावी. डहाणू-तलासरीच्या वारली चित्रकारांकडून चित्र घेताना त्यावर त्यांची सही आणि गावाचे नाव मागून घ्या, पावती करा. संमेलनाच्या ठरावांत या मागणीचा ठराव घ्यावा, आणि त्याचा पाठपुरावा करणारी समिती आजच नेमावी, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.