मूळ फाइलचे जतन

छायाचित्र फिल्मवर घेतले जात असे तोवर मूळ प्रत कोणती, हा प्रश्न व्यवसायात फारसा उद्भवत नव्हता. निगेटिव्ह हाती धरता येत होती आणि तिच्यावरून कितीही प्रती छापल्या तरी तिच्यावरची प्रतिमा बदलत नव्हती. डिजिटल फाइलला ही सुरक्षितता निसर्गतः लाभलेली नाही, कारण त्याच नावाने एकदा ‘सेव्ह’ केले की जुनी फाइल नाहीशी होते आणि ती नाहीशी झाल्याची कोणतीही खूण मागे उरत नाही. म्हणून मूळ फाइलला हात न लावणे हा छायाचित्रकारांच्या या परिषदेत सर्वप्रथम मान्य व्हावा असा नियम आहे.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली आणि अद्याप अंतिम रूप न दिलेली माहिती, बहुधा 14 बिटांची असते व तिच्यात उजेडाच्या 16,384 पायऱ्या नोंदवता येतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला केवळ 256 पायऱ्या मिळतात आणि फाइल लहान करताना काही तपशील कायमचा वगळला जातो. रॉ फाइलवरील संस्करणाच्या सूचना मात्र बहुतेक सॉफ्टवेअर मूळ फाइलमध्ये न लिहिता कॅटलॉगमध्ये किंवा एक्सएमपी नावाच्या छोट्या जोडफाइलमध्ये लिहिते, त्यामुळे त्या दोहोंचीही प्रत मूळ फाइलबरोबरच ठेवावी लागते.

फाइलचे नाव ही किरकोळ बाब मानण्याची सवय घातक आहे. अनेक कॅमेऱ्यांतील क्रमांक 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो, म्हणजे एकाच नावाच्या दोन निरनिराळ्या फाइली केव्हातरी समोरासमोर येणारच; वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख नावाच्या आरंभी घातली तर हा धोका बराच टळतो आणि फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. परंतु तारखेने छायाचित्रातील माणसे ओळखता येत नाहीत. व्यक्ती, गाव आणि प्रसंग यांची नोंद आयपीटीसी या प्रमाणित रकान्यांत, म्हणजे रॉ फाइल असल्यास तिच्या जोडफाइलमध्ये आणि एरवी प्रतीच्याच आत, करावी आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, कारण जुन्या फॉन्टांच्या खास सांकेतिक पद्धतीने टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतो. मराठी गावांची आणि माणसांची नावे अशी पुसली जाणे ही केवळ तांत्रिक गैरसोय नव्हे, ती सांस्कृतिक हानी आहे.

प्रतींच्या संदर्भात अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 हा नियम आजही पुरेसा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. यातील अखेरचा भागच सर्वाधिक टाळला जातो, वास्तविक 2005 च्या जुलैमधील मुंबईचा किंवा 2019 मधील सांगली-कोल्हापूरचा पूर आठवला तर ज्या पाण्यात संगणक बुडतो त्यातच शेजारच्या कपाटातील हार्ड डिस्कही बुडते, हे वेगळे सांगावे लागू नये. दोन ठिकाणच्या फाइली सतत एकसारख्या ठेवणारी ‘सिंक’ सेवा हा बॅकअप नव्हे, कारण एकीकडे चुकून पुसलेली फाइल ती दुसरीकडेही पुसते.

प्रत झाली एवढ्याने ती अचूक झाली असे ठरत नाही. हॅश, म्हणजे फाइलमधील सर्व माहितीवरून गणिताने काढलेली आणि एक बिट बदलला तरी बदलणारी खूण, मूळ फाइल व प्रत या दोहोंची काढून ताडून पाहता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम 63 खालच्या प्रमाणपत्रातही हॅश नमूद करावा लागतो, त्यामुळे न्यायालयात जाऊ शकणाऱ्या छायाचित्रांसाठी ही पडताळणी ऐच्छिक समजता येणार नाही.

सर्व सदस्यांना विनंती एवढीच की, दोन प्रतींची अशी पडताळणी झाल्याखेरीज कोणतेही मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये, आणि परिषदेहून परतल्यावर आपल्या सर्वांत जुन्या बॅकअप डिस्कवरील फाइली प्रत्यक्ष उघडून तपासाव्यात.